पहिला केसपेपर वाचून घ्या

संपादक महोदय,

कामावर जखमी झालेल्या कामगाराचा भरपाईचा दावा बहुतेक वेळा दवाखान्यातल्या पहिल्या केसपेपरवरच कमकुवत होतो. सोबत आलेला मुकादम ‘घरी पडला’ असं सांगतो, डॉक्टर तेच लिहून घेतात आणि पुढे विमा कंपनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवते. जखमी माणूस वेदनेने बेजार असतो, म्हणून तो कागद नातेवाइकांनी वाचावा. इजा कुठे, किती वाजता, कोणत्या यंत्रावर, काय करताना झाली हे त्यावर आलंच पाहिजे. चूक असेल तर त्याच दिवशी लेखी दुरुस्ती मागावी.

मालकालाही लेखी कळवावं आणि प्रतीवर पोच घ्यावी. सही नाकारली तर पोचपावतीच्या टपालाने पाठवावं. पगाराच्या स्लिपा जपाव्यात. भरपाई पगारावरून ठरते आणि रोख दिलेला ओव्हरटाइम सिद्ध करणं फार जड जातं.

सगळ्यात मोठं नुकसान घाईच्या तडजोडीने होतं. चेंगरलेल्या बोटाचं हाड जुळलं तरी सांधा किती वळेल, पकड किती राहील हे काही महिन्यांनीच कळतं. त्याआधी ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर सही केली, तर पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च बहुधा स्वतःच्याच खिशातून जातो. दाव्याची मुदत मात्र जखम भरेपर्यंत थांबत नाही. म्हणून उपचार चालू असतानाच अर्ज दाखल करावा आणि अपंगत्वाचा दाखला नंतर जोडण्याची परवानगी त्यातच मागावी.

– एक कामगार कार्यकर्ता