घाणेकर नाट्यगृहात घाणेकरांचे चित्रपट दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यात हिरानंदानी मेडोजमध्ये महापालिकेचं डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे. तिथे येणाऱ्या आजच्या पंचविशीतल्या प्रेक्षकाला घाणेकर माहीत असतात ते बहुतेक २०१८ च्या चरित्रपटामुळे. सुबोध भावे यांनी ती भूमिका जीव ओतून केली, त्याबद्दल तक्रार नाही. पण एन्ट्रीला पडणाऱ्या टाळ्या आणि तापट स्वभावाचे किस्से यांपलीकडे घाणेकर कुणाला सांगता येत नाहीत, हे खटकतं. ते काम कसं करत होते हे पाहायला त्यांचे चित्रपट आहेत. ते त्यांच्याच नावाच्या वास्तूत, क्रमाने आणि नीट चित्र-आवाजासह दाखवावेत, अशी मागणी या पत्रातून करत आहे. ठाण्यातल्या एखाद्या नाट्यसंस्थेने किंवा वाचनालयाने मनावर घेतलं तर हे जमण्यासारखं आहे. काय लागेल आणि कुठे चुकतं, तेही लिहितो.

आधी कारकिर्दीचा क्रम. घाणेकर (१९३०–१९८६) शिक्षणाने दंतवैद्य. १९६२ साली वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधल्या संभाजीने ते एकदम वर आले. दोनच वर्षांनी, १९६४ साली, भालजी पेंढारकरांचा 'मराठा तितुका मेळवावा' आणि राजा परांजपे यांचा 'पाठलाग' हे दोन अगदी वेगळ्या जातीचे चित्रपट. मग हिंदीत 'दादी माँ' (१९६६). १९६७ चा 'मधुचंद्र' हा राजदत्त यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट, नायिका उमा. १९६८ साली राजा ठाकूर यांचा 'एकटी', त्यात सुलोचनाबाई आई आणि घाणेकर मुलगा. पुढे १९७६ चा 'हा खेळ सावल्यांचा', ज्यातलं 'गोमू संगतीनं' आजही प्रत्येक ऑर्केस्ट्रात वाजतं. या सगळ्या काळात रंगभूमी चालूच होती. 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या हे त्यांचं सर्वांत गाजलेलं काम. पण त्या नाटकावरचा हिंदी चित्रपट १९६९ साली आला तेव्हा त्यात घाणेकर नव्हते. म्हणजे लाल्या म्हणून ते चित्रपटात भेटत नाहीत. जे भेटतं, ते तरी धड दाखवू या.

सुरुवात 'पाठलाग'ने व्हावी, असं माझं ठाम मत आहे. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि १९६६ साली त्यावरून 'मेरा साया' झाला, तिथे घाणेकरांच्या जागी सुनील दत्त. पण खरं कारण अभिनयाचं आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. नाट्यगृहात वाक्याचा शेवट पडला की शेवटच्या रांगेला क्रियापदच ऐकू जात नाही, आणि 'केलं' की 'नाही केलं' हेही कळत नाही. म्हणून रंगभूमीचा नट वाक्याचं शेपूट उचलून धरायला शिकतो. कॅमेऱ्यासमोर हीच सवय आड येते. माइक जवळ असतो, तिथे उचललेलं शेपूट भाषणासारखं वाटतं. 'पाठलाग'मध्ये एकाच भूमिकेत कोर्टात बोलणारा वकील आहे आणि घरातला नवराही. संभाजी गाजवून नुकताच आलेला नट या दोन जागी वाक्य कुठे उचलतो आणि कुठे सोडून देतो, हे कान देऊन ऐकण्यासारखं आहे. ठाण्यात एकांकिका करणाऱ्या मुलांना याहून चांगला धडा कुठल्या शिबिरात मिळायचा नाही.

आता हक्क. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम २६ प्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे १९६४ साली प्रदर्शित झालेला चित्रपट १ जानेवारी २०२५ पासून मोकळा. 'दादी माँ'ची मुदत २०२६ अखेर, 'मधुचंद्र'ची २०२७ अखेर, 'एकटी'ची २०२८ अखेर आणि 'हा खेळ सावल्यांचा'ची २०३६ अखेर संपते. तोवर हक्कधारकाची लेखी परवानगी हवी, आणि पत्रात तारीख, सभागृह, तिकीट आहे की नाही, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. तोंडी 'हो' पुरत नाही. मूळ लेखन आणि गीतं यांचा हिशेब वेगळा असतो: लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. 'पाठलाग' जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे, तेव्हा तिकडेही विचारून घ्यावं. सेन्सॉर प्रमाणपत्राची जुनी चिंता मात्र नको. २०२३ च्या दुरुस्तीने ते कायमचं वैध झालं आहे.

हक्क मोकळा झाला म्हणजे चांगली फाइल फुकट हातात पडते, असा समज करून घेऊ नये. ज्याच्याकडे प्रिंट किंवा स्कॅन आहे, तो ती आपल्या अटींवर देतो. पहिलं पत्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला जावं: प्रिंट आहे का, किती रिळं, स्कॅन झालं आहे का. १९६० च्या दशकातली फिल्म ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकवर असते. दमट हवेत ती आंबते, व्हिनेगरसारखा वास येतो, मग आकसते. कडेची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांत बसत नाहीत आणि फिल्म फाटते. अशी प्रिंट चालवण्याचा हट्ट कुणी धरू नये. तिचं स्कॅनिंगच व्हायला हवं.

बहुतेक आयोजक इथे थकतात आणि इंटरनेटवरून उतरवलेली, कोपऱ्यात वाहिनीचा शिक्का असलेली फाइल लावतात. बिघाडाची सुरुवात तिथेच होते. हाती आलेली कोणतीही फाइल तपासायला सोपा उपाय आहे. चित्रपटाच्या आरंभी सेन्सॉर प्रमाणपत्र दिसतं, त्यावर लांबी मीटरमध्ये असते. त्या आकड्याला २७.३६ ने भागा. सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने किती मिनिटं हवीत ते निघतं. उदाहरणार्थ, ३,६०० मीटर म्हणजे सुमारे १३२ मिनिटं. फाइल १२६ मिनिटांची निघाली तर चित्रपट कापलेला नाही, पण टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेमने उतरवला आहे. सगळं चार टक्के जलद चालतं आणि आवाज पेटीवरच्या लगतच्या पट्टीकडे दोन तृतीयांश सरकतो. ज्या नटाची ओळखच आवाज आहे, त्याच्या बाबतीत हे चालवून घेऊ नये. वेग परत २४ वर आणता येतो, आवाजासकट. संकलकाचं अर्ध्या तासाचं काम. फाइल ११५ मिनिटांची असेल तर मात्र प्रसंग किंवा गाणी उडाली आहेत, ती घेऊच नये. प्रमाणपत्राचं दृश्यच छाटलेलं असेल, तर फाइलवर विश्वास ठेवायला आणखी एक कारण कमी.

दुसरा बिघाड चौकटीचा. 'पाठलाग'च्या काळातली चौकट १.३७ ला १ असते, म्हणजे जवळजवळ चौकोनी. आजचा पडदा १६ ला ९. भरून दिसावं म्हणून चित्र ताणलं तर चेहरा ३० टक्के रुंद होतो. ताणण्याऐवजी झूम केलं तर उंचीतला जवळपास चौथा भाग जातो, म्हणजे जवळच्या दृश्यात कपाळ आणि हनुवटी. घाणेकर भुवया आणि कपाळ किती वापरतात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना या नुकसानीचा अर्थ कळेल. डिजिटल सिनेमाची २ के (सुमारे दोन हजार ठिपके रुंद) प्रत बनवत असाल तर १९९८ बाय १०८० ठिपक्यांच्या चौकटीत चित्र १४८० बाय १०८० एवढंच ठेवा, दोन्ही बाजू काळ्या राहू द्या. प्रेक्षक विचारतील, तेव्हा सुरू होण्याआधी दोन वाक्यांत सांगावं. एकदा सांगितलं की कुणी कुरकुर करत नाही.

सभागृह म्हणून मुख्य नाट्यगृहाऐवजी तिथलंच मिनी थिएटर घ्यावं. भाडं आवाक्यात राहतं आणि रिकाम्या खुर्च्या अंगावर येत नाहीत. १२ फूट बाय पावणेनऊ फूट पांढरा पडदा पुरे. कागदावरच्या हिशेबाने त्याला दोन हजार ल्युमेनचा (ल्युमेन हे प्रकाशाचं माप) प्रोजेक्टर पुरतो. पण भाड्याच्या प्रोजेक्टरचा दिवा वापराने मंदावलेला असतो आणि छापलेला आकडा सर्वांत उजळ, चित्र पांढरट करणाऱ्या मोडचा असतो. म्हणून चार ते पाच हजार ल्युमेनचा मागवावा आणि सिनेमा मोडवर चालवावा. एलईडी वॉल नको. डेकोरेटर ती आग्रहाने देतात, पण ३.९ मिलिमीटर पिचच्या (म्हणजे दोन ठिपक्यांत एवढं अंतर असलेल्या) १२ फुटी वॉलवर आडवे जेमतेम ९४० ठिपके बसतात, आपल्याला हवेत १,४८०. शिवाय तिच्या प्रकाशात कृष्णधवल चित्रातल्या करड्या छटा मरतात.

आवाज मोनो आहे, म्हणजे डावा-उजवा असा वेगळा नाही. नाटकाचे स्पीकर रंगमंचाच्या दोन टोकांना असतात. दोन्हीकडून तोच संवाद सोडला की कडेला बसलेल्याला तो उजवीकडून किंवा डावीकडून येतो आणि ओठांशी जुळत नाही. पडद्याच्या खाली किंवा वर, मधोमध, एकच चांगला स्पीकर ठेवावा. बास वाढवू नये, जुन्या ध्वनिपट्टीत खाली घरघरच असते. खरखर काढणारं सॉफ्टवेअर जपून वापरावं. जास्त लावलं की आधी 'स' आणि 'श' बोथट होतात, मग श्वास जातो. संवादाआधी घेतलेला श्वास हा घाणेकरांच्या अभिनयाचा भाग आहे. थोडी खरखर राहिली तरी चालेल, श्वास जाऊ नये.

तारखा मागताना शनिवार-रविवारच्या दुपारी आणि रात्री नाटकांच्याच राहू द्याव्यात. नाटकवाल्यांच्या पोटावर पाय देऊन घाणेकरांचा सन्मान होणार नाही. सकाळी साडेनऊचा खेळ ठेवला तर मध्यंतरासह बारा-सव्वाबारापर्यंत संपतो. चाचणी मात्र आदल्या दिवशी व्हावी, आणि पहिली पाच मिनिटं पाहून समाधान मानू नये. मधला एक संवादाचा प्रसंग, एक गाणं आणि शेवटची दहा मिनिटं चालवावीत; ओठ आणि आवाज यांचं नातं सुटतं ते बहुधा उत्तरार्धात.

पहिल्या वर्षी 'पाठलाग' आणि 'मराठा तितुका मेळवावा' एवढेच दोन घ्यावेत. 'मधुचंद्र'साठी परवानगी मिळाली तर उत्तम, नाहीतर २०२८ च्या जानेवारीत तो मोकळा होतोच. 'एकटी'साठी मात्र वाट पाहू नये, हक्कधारकाशी आत्ताच पत्रव्यवहार सुरू करावा: हळव्या प्रसंगांत आवाज न चढवणारे घाणेकर दाखवायचे असतील तर तोच चित्रपट हवा. महापालिकेने आपल्या बाजूने मिनी थिएटरचं भाडं या दोन सकाळींसाठी माफ करावं आणि पडदा टांगायला नाट्यगृहाचा रंगमंच कर्मचारी द्यावा. पुढच्या तारखांचं वाटप होण्याआधी एखाद्या संस्थेने असा अर्ज केला, तर चाचणीच्या दिवशी फाइल, चौकट आणि आवाज तपासून द्यायला आमच्यासारखे जुन्या चित्रपटांचे प्रेक्षक विनामोबदला हजर राहतील.

आपला,
जुन्या मराठी चित्रपटांचा एक प्रेक्षक,
ठाणे (पश्चिम)