लाइन आणि जवस

दारव्हा, जि. यवतमाळ
पौष शुद्ध पंचमी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

उत्तराला उशीर झाला. हरभऱ्याच्या ओलितासाठी या आठवड्यात रात्रीची लाइन आहे. परवा मध्यरात्री ती गेली आणि विहिरीजवळच्या खोपडीत अंधारात बसलो असताना मनात आले, की आपण विजेला लाइन का म्हणतो? सकाळी मुलीचा शब्दकोश उघडला, तर मूळ निघाले थेट आपल्या धुऱ्यावरचे.

लॅटिनमध्ये जवसाला लिनम म्हणतात आणि त्याच्या सुताची दोरी ती लिनेआ. तिच्यापासूनच इंग्रजांची लाइन झाली. लिनन कापड त्याच घरचे, आणि कपड्याला आतून लिननचे अस्तर लावीत म्हणून लायनिंगही. आपले जवस बुटके, फांद्या फुटणारे, तेलाचे. युरोपात उंच वाढणाऱ्या जातीच्या काड्या पूर्वी पाण्यात आणि आता बहुधा शेतातच दवात भिजवून सालीचे धागे काढतात. शास्त्रज्ञ लिनियसने या झाडाला लिनम युसिटाटिसिमम, म्हणजे 'अत्यंत उपयोगी जवस', असे नाव दिले आहे. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "त्यानं आपली चटणी खाल्ली असन."

दोरीवरून रेघ, रेघेवरून रांग, पुढे रेल्वेचे रूळ आणि विजेची तार, असा हा शब्द लांबत गेला, आणि आपण तर तारेतून येणाऱ्या विजेलाच लाइन करून टाकले. सोयरिकीत 'पोरगा कोणत्या लाइनले आहे' असे विचारतात, तिथे तो धंदा होतो. डेडलाइनची गोष्ट मात्र अंगावर काटा आणणारी आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात, 1864 साली, जॉर्जियातील अँडरसनव्हिलच्या बंदिछावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालीत. कर्जाचा हप्ता भरण्याची शेवटची तारीख आपण त्याच शब्दाने सांगतो.

गोठ्याची भिंत सध्या बांधणे सुरू आहे. काल गवंडी दोन खुंट्यांना सुतळी ताणून पोराला ओरडला, "लाइनदोरी ढिली झाली!" मला हसू आले, कारण बिचारा 'दोरीदोरी' म्हणत होता. अर्थात सुतापासून सरळपणाकडे जाण्यासाठी आपल्याला लॅटिनची गरज नव्हतीच: भिंत सुतात असते, आणि सुताराच्या नावातही सूत्रच आहे.

यंदा धुऱ्याला लागून जवसाची चार तासे पेरली आहेत. सध्या निळ्या फुलांवर आहेत, पण फुले दुपारपर्यंत गळतात, तेव्हा येशील तर सकाळच्या गाडीने ये.

तुझा,
बालमित्र