आयसीसीयूच्या आमच्या इनचार्ज सिस्टरना मनापासून थँक्यू

सिस्टर, नमस्कार.

तुमच्या रिटायरमेंटला शाल-नारळ, फोटो, केक सगळं झालं पण जे बोलायचं होतं ते गर्दीत राहूनच गेलं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, नव्याने आयसीयूला लागलेल्या मुलींनी पण वाचावं अशी इच्छा आहे.

इंजेक्शन कशात मिसळायचं हे तुम्ही आमच्याकडून नुसतं घोकून घेतलं नाही, का ते समजावून सांगितलंत. डोस सगळेच शिकवतात हो. पण डायल्यूशनपाशी, म्हणजे औषध कशात आणि किती पातळ करायचं इथे, कोणी फार थांबत नाही, आणि ट्रॉलीवर एनएसची, म्हणजे साध्या सलाईनची, बाटली सगळ्यात पुढे असते म्हणून हात आपोआप तिकडेच जातो.

व्हीटीमध्ये, म्हणजे हृदयाचे ठोके धोकादायक वेगाने पडत असताना, आलेले ते आजोबा आठवतात? पल्स होती, बीपी अजून टिकून होतं, डॉक्टरांनी ठोके ताळ्यावर आणणारं अमिओडारोन 150 मिग्रॅ सांगितलं. तुम्ही शांतपणे डी फाइव्हची (5 टक्के ग्लुकोजची) 100 एमएलची बाटली काढलीत तर त्यांचा मुलगा दारातूनच घाबरून म्हणाला, "बाबांना शुगर आहे, ग्लुकोज कसं लावताय?" एवढ्या धावपळीत दुसरं कोणी त्याला गप्प केलं असतं. तुम्ही म्हणालात, "दादा, या अख्ख्या बाटलीत 5 ग्रॅम साखर आहे, चमचाभर. शुगर वाढलीच तर इन्सुलिन आहे आपल्याकडे, पण हे औषध सलाईनमध्ये घातलं तर ते नीट विरघळलेलं राहील याची खात्री नाही, आणि आत्ता ठोके ताळ्यावर आणायचेत." तो लगेच बाजूला झाला. मी तिथेच उभी होते, माझ्याही मनात तोच प्रश्न होता आणि त्याला मिळालेलं उत्तर मलाही मिळालं.

मग ड्युटी संपता संपता तुम्ही रिकामं अॅम्प्यूल हातात देऊन सगळं सांगितलंत, की हे औषध मुळात पाण्यात विरघळायला कटकटीचं, म्हणून त्यात पॉलिसॉर्बेट 80 घालतात, ते साबणासारखं असतं, म्हणून जोरात ओढलं की सिरिंजमध्ये फेस येतो, म्हणून सावकाश ओढायचं आणि बाटली खसाखसा हलवायची नाही. त्याच्यामुळेच थेंब लहान पडतात, थेंब मोजून दिलं तर पेशंटला कमी औषध जातं, तेव्हा पंपच लावायचा. सलाईनमधलं क्लोराइड त्याला आणखीच मानवत नाही. 150 चा पहिला डोस 10 मिनिटांत जायला हवा, घाई केली तर बीपी पडतं. आणि पुढे चालू राहणारी ड्रिप, 900 मिग्रॅ 500 एमएल डी फाइव्हमध्ये, पहिले 6 तास मिनिटाला 1 मिग्रॅ आणि नंतरचे 18 तास अर्धा, ती काचेच्या किंवा पॉलिओलेफिनच्या बाटलीत, कारण पीव्हीसी प्लास्टिक औषध शोषून घेतं. हातातली शीर लाल झाली का ते सारखं बघायचं, जास्त स्ट्राँग आणि जास्त वेळ असेल तर सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) मागायची.

हे सगळं पाकिटातल्या कागदावर छापलेलं असतं, पण तो कागद उघडून वाचणारी मी पाहिलेली पहिली व्यक्ती तुम्ही. खरंच सांगते.

आणि तुम्ही तिथेच थांबला नाहीत. फिट्सवरच्या फेनिटोइनचं बरोबर उलटं, ते एनएसमध्येच, डेक्स्ट्रोजमध्ये (म्हणजे ग्लुकोजमध्ये) खडे धरतं. बीपी वाढवणाऱ्या नॉरअॅड्रेनॅलिनला डेक्स्ट्रोज बरं, त्यामुळे ते लवकर खराब होत नाही. बायकार्बच्या (सोडियम बायकार्बोनेटच्या) लाइनमध्ये डोपामिन, अॅड्रेनॅलिन घालायचं नाही. लघवी वाढवणारं लॅसिक्स अल्कलाइन, अमिओडारोन अॅसिडिक, दोन्ही एका लाइनमध्ये गेली की नळी दुधाळ होते. रक्ताच्या गुठळ्या रोखणारं हेपॅरिन पण अमिओडारोनच्या लाइनला नको. "एकच नियम सगळ्यांना लावू नका गं," हे तुमचं वाक्य आता मी मुलींना सांगते, अगदी तुमच्याच सुरात. माझ्या मते औषधाचं नाव आणि डोस जितक्या मोठ्याने परत म्हणतो तितक्याच मोठ्याने कशात मिसळतोय हेही म्हटलं पाहिजे, आणि आमच्या शिफ्टला आता तसंच म्हणतात.

तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेला तो डायल्यूशन चार्ट अजून इमर्जन्सी ट्रॉलीला चिकटवलेला आहे, त्यावर लॅमिनेशन केलंय. फार्मसीवाल्या सरांनी मध्ये एकदा सगळा तपासून दिला आणि खाली सही केली. त्यात डिगॉक्सिनची (हेही हृदयाचंच औषध) ओळ वाढवायचीय, किमान चौपट पातळ करायचं ते, तुमच्या त्या निळ्या वहीत याबद्दल आणखी काही लिहिलेलं असलं तर फोटो काढून पाठवाल का?

सिस्टर, मनापासून थँक्यू. तब्येतीला जपा.

तुमची, नाइट ड्युटीवाली