थंडरएगच्या पोटातला तारा

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तू अमेरिकेतल्या ओरेगनहून पाठवलेल्या थंडरएगचे, म्हणजे पोटात अकीक भरलेल्या त्या ज्वालामुखी खडकातल्या गोल दगडाचे, दोन्ही अर्धे सुखरूप पोहोचले. मागच्या पत्रात नुसता फोटो पाहून ‘ही तर आपल्या नाशिककडच्या गारगोटीची बहीण’ असे मी लिहून मोकळा झालो होतो. दगड भिंगाखाली धरल्यावर ते विधान मला मागे घ्यावे लागत आहे.

आपली गारगोटी हा बुडबुड्याचा साचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला बेसॉल्टचा लाव्हा पातळ होता. त्यातले वायू वर चढता चढता थिजणाऱ्या थरात अडकले, बदामाच्या आकाराच्या पोकळ्या मागे राहिल्या आणि त्या पुढे झिरपत्या पाण्यातील सिलिकाने (वाळूतले मुख्य द्रव्य) व झिओलाइट या खनिजाने भरत गेल्या. थोडक्यात, आपल्याकडे पोकळी आधी आणि दगड नंतर. तुझ्या दगडात मात्र गोळा आधी तयार झाला आणि त्याच्या पोटात पोकळी मागाहून पडली.

ओरेगनमधील हा खडक ऱ्हायोलाइटच्या जातीचा, म्हणजे ज्यात सिलिका सत्तर टक्क्यांच्या आसपास असते असा. (तुझ्या चिठ्ठीत तिथल्या मद्रास या गावाचे नाव वाचून घरच्यांनी तू चेन्नईला जाऊन आलास असेच धरले होते!) सिलिका इतकी असली की लाव्हा किंवा तापलेल्या राखेचा लोट काकवीहूनही कितीतरी घट्ट असतो, त्यामुळे वायूंना सहज निसटता येत नाही. निवताना त्याची काच होते, आणि त्या तप्त काचेत एखाद्या कणाभोवती फेल्डस्पार व क्रिस्टोबलाइट या खनिजांचे केसासारखे तंतू चहूबाजूंनी वाढू लागतात. त्यांतून गोळा घडतो. तुझ्या तुकड्याच्या तपकिरी कवचावर भिंग धरलेस, तर केंद्रापासून बाहेर धावणाऱ्या त्या रेषा तुलाही दिसतील.

आता खरी गंमत. या स्फटिकांत पाण्याला जागा नसते. म्हणून तंतू वाढतात तसतसे काचेत विरघळलेले पाणी आणि वायू बाहेर ढकलले जातात. त्यांच्या दाबाने अजून पुरता न थिजलेला गोळा आतून उलतो. आकुंचनाचाही यात वाटा असावा, असे काही अभ्यासक मानतात. मला वायूंच्या दाबाचे कारण अधिक पटते, कारण भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींशी जुळतात, जणू भाकरी फुगून फाटावी तशा. म्हणूनच आतली पोकळी बुडबुड्यासारखी गोल न राहता टोकदार, ताऱ्यासारखी होते.

त्यानंतरचे काम पाण्याचे, आणि ते अतिशय सावकाश चालते. भोवतालची ज्वालामुखी काच कुजताना तिच्यातील सिलिका भूजलात उतरते आणि पोकळीच्या भिंतीवर चॅल्सेडनीचे सूक्ष्म थर बसवत जाते. तोच आपला अकीक. लोहाचा अंश आला की तांबूस वा पिवळट छटा येते. शेवटी जागा उरली, तर मध्ये क्वार्ट्झचे स्फटिक उगवतात. पुढे बाहेरचा मऊ खडक झिजून माती होतो आणि कठीण गोळे तेवढे शिल्लक राहतात.

हुड आणि जेफरसन या पर्वतांतील गर्जनेच्या देवता भांडताना हे गोळे एकमेकींवर फेकत, अशी कथा तिथल्या मूळ रहिवाशांच्या नावाने सांगितली जाते. 1965 साली ओरेगनने थंडरएगला राज्याचा अधिकृत दगड ठरवले, हे तू लिहिले होतेसच.

एक विनंती आहे. तुझ्या तुकड्यात खालच्या बाजूला काही पट्टे भिंतीला समांतर नसून सरळ आडवे आहेत. ते गुरुत्वाकर्षणाने तळाशी साचलेले असल्याने गोळ्याची जमिनीतील मूळची बैठक सांगतात. पुढच्या वेळी स्वतः खणायला जाशील, तेव्हा गोळा उचलण्यापूर्वी त्याच्या माथ्यावर खडूने खूण कर. कापल्यावर पट्टे तिरके निघाले, तर ते साचल्यानंतर तो थर कलला किंवा गोळा जागेवरून हलला, हे मी इथे बसून सांगू शकेन.

तुझा,
मोहन