मुलांची थकलेली पोटगी

महोदय,

न्यायालयाने मुलाच्या पोटगीचा आदेश दिला म्हणजे पैसे हाती पडतात असे नाही; हप्ते थकले की पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा आणि थकवणाऱ्याचा पत्ता व नोकरी शोधण्याचे काम हे सारे मूल सांभाळणाऱ्या पालकाच्याच माथी येते, आणि हे मला अन्यायाचे वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील २७ व्या कलमानुसार, पालक परदेशात असला तरी, या वसुलीसाठी पावले उचलणे हे शासनाचे कर्तव्य आहे. वेतनातून परस्पर कपात हा त्यातला खात्रीचा मार्ग; नोकरी सोडणाऱ्यापुढे मात्र तोही अडतो. आदेशाची प्रत आणि प्रत्येक हप्त्याची तारीखवार नोंद जपून, थकबाकी वाढण्याआधीच पालकांनी कायदेशीर मदत मागावी.

— एक वाचक