दहा माणसं जमली नाहीत तर

ठाणे

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र पोचलं. अलिबागला जाऊन इस्राएल आळीतलं आमचं ज्यू प्रार्थनामंदिर, मागेन आबोथ सिनेगॉग, बाहेरूनच बघून परत आलीस! अगं, आळीत कुणालाही विचारायचंस, आतून दाखवलं असतं. पण शेवटी तू जे लिहिलंयस, 'तुमची देवळं ओस पडली म्हणजे तुमचा समाजही संपत आला का गं?', त्याला एका ओळीत उत्तर देता येत नाही. म्हणून हे लांबलचक पत्र.

पहिली गोष्ट म्हणजे, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, सिनेगॉगशिवाय पिढ्यान् पिढ्या जगलो आहोत. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, ही आमची कथा तुला पाठच आहे. ते कधी घडलं यावर विद्वान भांडोत बापडे. पण पहिलं सिनेगॉग उभं राहिलं ते मुंबईत, मांडवीला, १७९६ साली. सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटले आणि नवस फेडायला त्यांनी ते बांधलं, असं आमच्यात सांगतात. त्याआधीची आमची माणसं कोकणात तेल गाळत होती, शनिवारी घाणा बंद ठेवत होती, आठव्या दिवशी मुलाची सुंता करत होती, 'शेमा इस्राएल' म्हणत होती. बाकी प्रार्थना विसरल्या होत्या. दारफळणीचा सण, म्हणजे आताचा योम किप्पूर, प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस, खरोखरच दारं लावून घरात पाळायचे. मलिदा, म्हणजे आभाराचा नैवेद्य, तोही घरातच. पोहे, गूळ, खोबरं, फळं आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं नाव.

मग कोचीनहून शिक्षक आले, हिब्रू आली, आणि सिनेगॉगं उभी राहू लागली. रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, आमचं ठाण्याचं १८७९. ससून या व्यापारी घराण्याने बांधलेली भव्य सिनेगॉगं वेगळी. ती बगदादी, म्हणजे इराककडून आलेल्या ज्यूंची. त्यांच्यातले बरेचजण आमच्या माणसांना मिन्यानमध्ये, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत, धरायलाही तयार नसत. आता बगदादी जवळजवळ सगळे परदेशी गेले, आणि भायखळ्याच्या मागेन डेव्हिडमध्ये किंवा काळा घोड्याच्या निळ्या केनेसेथ एलियाहूमध्ये दहा माणसं जमतात ती बहुतेक आमचीच. आजीला हे कळतं तर ती काय बोलली असती, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मिन्यान म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. ते नसतील तर सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, वाचत नाहीत, आणि गेलेल्या माणसासाठीची कद्दीश ही प्रार्थना म्हणत नाहीत. घरचं माणूस गेल्यावर कद्दीश म्हणायला नववा-दहावा शोधत फोन करायचे, हे छोट्या गावात राहिलेल्यांचं खरं दुखणं. आणि आम्ही बायका कितीही असलो तरी त्या दहात नाही! एकदा मी हे जरा मोठ्यानेच बोलले, तर बायका बसतात त्या वरच्या सज्जातल्या सगळ्याजणी एकदम गप्प झाल्या. पण ही कुरकुर काही माझ्यापासून सुरू झालेली नाही. डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईत १९२५ सालीच उदारमतवादी ज्यूंची संस्था काढली. शंभर वर्षं झाली त्याला.

१९४८नंतर बहुतेक आप्त इस्राएलला गेले. तिथे सुरुवातीला त्यांना फुलं-हार नाही मिळाले. आमच्या लग्नांबद्दल तिथल्या रब्बींनी शंका काढल्या, आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणी धरली, आणि १९६४मध्ये कुठे मान्य झालं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. तेव्हापासून सिनेगॉगच्या लग्नाच्या वह्यांना वेगळंच वजन आलंय. आजही तिकडे जायचं तर सिनेगॉगचं पत्र लागतं. प्रार्थनेला वर्षभर तोंड न दाखवणारे त्या पत्रासाठी मात्र बरोबर येतात. कमिटीवाले कुरकुरतात, मी म्हणते येऊ देत.

आमच्या ठाण्यातच बघ. मुंबईकडचे सर्वाधिक ज्यू आता इथे आहेत, आणि टेंभी नाक्याजवळच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेपेक्षा इतर कामंच जास्त दिसतात. मुलांचा हिब्रूचा वर्ग, कोशेर, म्हणजे धर्मनियमाप्रमाणे कापलेल्या, कोंबडीची चौकशी, लग्नाची मुलं-मुली बघणं, ज्येष्ठांची विचारपूस, सणाचं जेवण. पूर्वी हे सगळं वाड्यात आणि आळीत होत असे. सिनेगॉगात फक्त प्रार्थना. आता आळीच उरली नाही, एकेक घर एकेका सोसायटीत, म्हणून आळीचं काम त्या इमारतीवर येऊन पडलंय. मलिदाही हल्ली हॉलमध्ये होतो, कारण फ्लॅटमध्ये पन्नास माणसं बसवायची कुठे?

एक बदल मात्र मला पचत नाही. २००८च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या छाबाड हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, आणि तेव्हापासून सिनेगॉगबाहेर पोलीस बसतात, आत जायला ओळखपत्र मागतात. गरज आहे, कळतं मला. पण मागेन डेव्हिडच्या आवारातल्या ससून शाळेत शिकणारी बहुतेक मुलं मुसलमान आहेत, मांडवीच्या जुन्या सिनेगॉगचे शेजारीही मुसलमान. तिथे कुणी आमच्याकडे वाकड्या नजरेने पाहिलं नाही, आणि पहारा मात्र दारात. असो.

तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. अलिबागला दर शनिवारी दहा माणसं जमत नाहीत, आणि उद्या मुळीच जमली नाहीत तरी मी रडणार नाही. ठाण्यात मुलांचा वर्ग बंद पडला तर मात्र रडेन. माझा धाकटा दीर म्हणतो, हे बायकी गणित आहे. त्याला म्हटलं, तू तरी कुठे दर शनिवारी येतोस?

आमच्या पंचांगातल्या शेवात महिन्यात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, आम्ही खंडाळ्याला, एलियाहू हन्नाबीच्या टाप्याला, म्हणजे त्यांच्या रथाच्या खुणा आम्ही मानतो त्या खडकाला जाणार आहोत. अलिबागजवळचं खंडाळं बरं का, घाटातलं नव्हे. तू आलीस तर जाताना मागेन आबोथही आतून बघू. तारीख नक्की झाली की फोन करते. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव, आणि नारळ तुझ्याच झाडाचे आण, बाजारचे नकोत.

तुझी,
रिबेका