‘वडिलांना नोकरीवर घ्यायचंय का?’ विचारणाऱ्या काकूंना उघड पत्र

निगडी प्राधिकरण, पुणे

आदरणीय काकूंना,
सा. न. वि. वि.

तुमचे तोंडावर आभार मानायची सोय नाही. पेढे घेऊन आले तर ‘ठेव तिकडे, आधी ऑफर लेटर दाखव’ म्हणालात. म्हणून हे पत्र चार लोकांसमोर लिहिते आहे, म्हणजे तुम्हाला मधेच विषय बदलता येणार नाही. शिवाय वरच्या मजल्यावरच्या मुली, त्यांच्या मैत्रिणी, भोसरीतले माझे जुने सहकारी, सगळे विचारत असतात की त्या काकू नक्की शिकवतात तरी काय. त्यांनाही एकदाच सांगून होईल.

वाचणाऱ्यांसाठी थोडं आधी सांगते. काकू पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्याच्या पर्सोनेल डिपार्टमेंटमधून निवृत्त झाल्या. त्या लागल्या तेव्हा एचआर हा शब्द कुणी वापरत नसे. मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत पेइंग गेस्ट. परभणी जिल्ह्यातली, डिप्लोमा मेकॅनिकल, भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या टर्निंग शॉपमध्ये लाइन इन्स्पेक्टर. चाकणला मोठ्या कंपनीत क्वालिटीला जायचं होतं, म्हणून काकूंनी दर रविवारी माझी मुलाखतीची तयारी करून घेतली. (सदाशिव पेठेतले लोक प्राधिकरणाला पुणं मानत नाहीत, मला ठाऊक आहे. पण खोचक बोलण्यात काकू त्यांना अजिबात हार जायच्या नाहीत.)

काकू, पहिल्या रविवारी तुम्ही मटार सोलत होतात. ‘स्वतःबद्दल सांग’ म्हणालात आणि माझी गाडी सुटली. नाव, गाव, वडील शेतकरी, आई गृहिणी, भाऊ बारावीला, छंद वाचन आणि संगीत. क्लासमध्ये घोटून घेतलेलं सगळं. तुम्ही मान वरसुद्धा न करता विचारलंत, ‘वडिलांना नोकरीवर घ्यायचंय का?’ मग, ‘शेवटचं काय वाचलंस?’ मी गप्प. ‘मग छंद काढून टाक.’ पुढे हार्डवर्किंग, टीम प्लेअर आणि ‘मी परफेक्शनिस्ट आहे हीच माझी कमजोरी’ हेही गेलं. त्या शेवटच्या वाक्याने तुमचे कान नोकरीत असतानाच किटले होते म्हणे.

सगळं काढून टाकल्यावर माझ्याकडे बोलायला काही उरलंच नाही. तेव्हा तुम्ही विचारलेला प्रश्न मी आता सगळ्यांना विचारते: ‘सकाळी गेटमधून आत गेलीस की पहिल्यांदा हातात काय घेतेस?’

प्लग गेज, म्हटलं. ‘ते काय असतं? मला बोअर-बिअर काही कळत नाही. मला कळेल असं सांग.’ मग मी सांगायला लागले. आमच्याकडे एक बुश बनायची, म्हणजे आरपार भोक असलेली छोटी नळी, २५ मिलिमीटर बोअर, टॉलरन्स एच-सेव्हन. म्हणजे आतला व्यास २५.००० पासून २५.०२१ पर्यंत चालतो, त्याच्या बाहेर गेला की पीस रिजेक्ट. प्लग गेजची ‘गो’ बाजू आत गेली पाहिजे, ‘नो-गो’ बाजू जाता कामा नये. ‘मग?’ मग काही नाही, गेली तर ओके, नाही तर लाल ट्रे. ‘मग?’ मग मी बोअर गेजने दर तासाला प्रत्यक्ष माप घेऊन वहीत लिहायला लागले, कारण प्लग गेज नुसतं पास की नापास एवढंच सांगतं. मापं लिहिल्यावर दिसलं की इन्सर्ट, म्हणजे मशिनवरचं कापणारं टोक, झिजत जाईल तसा बोअर हळूहळू लहान होतो. म्हणजे ‘गो’ अडकायच्या आधीच कळतं की आता ऑफसेट द्यायला हवा, म्हणजे मशिनचं सेटिंग जरासं सरकवायला हवं. ऑपरेटरदादांना वही दाखवली. आधी ते वैतागले, मग तेच विचारायला लागले, ‘ताई, आता कितीवर आहे?’ त्या पार्टचा लाल ट्रे बऱ्यापैकी रिकामा राहायला लागला.

तुमचे हात थांबले. ‘आणि तू मला भावाची बारावी सांगत होतीस!’

बाकीचे रविवार या एकाच गोष्टीवर गेले, हे कुणाला खरं वाटत नाही. लोकांना वाटतं शंभर प्रश्नांची यादी असेल. तुम्ही त्या बुशचीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावलीत. एकदा एका मिनिटात, एचआरवाल्यांसाठी, ज्यांना मायक्रॉनशी देणंघेणं नाही. एकदा सविस्तर, प्लांटच्या माणसासाठी, आणि तिथे तुमचे ‘मग?’ चालू. बोअर गेजचं कॅलिब्रेशन कधी झालं होतं? रीडिंग कोण पडताळायचं? तू रजेवर असलीस की वही कोण लिहायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘कुणीच नाही’ असं होतं. ते तसंच सांगायला लावलंत, वर ‘आता त्याचा छापील चेकशीट केला आहे’ हेही, पण चेकशीट खरोखर करून लाइनवर लावल्यावरच.

इंग्रजीची धास्ती होती. तुमचा तोडगा साधा होता. पहिली दोन-तीन वाक्यं इंग्रजीत नीट सांगायची आणि नंतर सरळ विचारायचं, ‘सर, हे मराठीत सांगू का?’ चाकणला समोरचा माणूस बहुतेक वेळा खूश होतो. माझ्या पॅनेलवरचे एक साहेब सोलापूरकडचे निघाले. पुढचा अर्धा तास आम्ही मराठीतच होतो. मधे पीपॅपबद्दल विचारलं. मोठ्या गाडी कंपन्यांना नवा पार्ट द्यायचा तर ती सगळी फाइल मंजूर करून घ्यावी लागते. मी म्हटलं, पूर्ण पीपॅप मी केलेला नाही, त्यातला डायमेन्शनल रिपोर्ट, म्हणजे मापांचा तक्ता, भरते, बाकी आमचे क्यूए मॅनेजर बघतात. साहेबांनी मान डोलावली आणि डायमेन्शनल रिपोर्टबद्दलच विचारत बसले. तुम्ही म्हणाला होतात तसं झालं: जिथपर्यंत येतं तिथपर्यंतची हद्द आपण आखून दिली की ते त्या हद्दीत खेळतात.

आता त्या प्रश्नाबद्दल. ‘लग्नाचं काय? लग्नानंतर पुण्यातच राहणार का?’ याआधी एका कंपनीत तो असा विचारला गेला की उत्तर काहीही दिलं असतं तरी निकाल तोच लागला असता. रडवेली होऊन आले तेव्हा तुम्ही सुधा मूर्तींची गोष्ट काढलीत. मी मनात म्हटलं, ही तर सगळ्यांना पाठ आहे. १९७४च्या सुमाराची टाटांच्या टेल्को कंपनीची जाहिरात, महिलांनी अर्ज करू नये, मग थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड. तुम्ही म्हणालात, ‘पोस्टकार्ड सगळ्यांना आठवतं. पुढे पुण्यात मुलाखतीला बोलावलं, टेक्निकल प्रश्न विचारले आणि बाईंनी उत्तरं दिली, ते कुणी सांगत नाही.’ आणि मग उत्तर बसवून घेतलंत. प्रश्न लग्नाचा असला तरी त्यामागची काळजी बहुधा शिफ्टची आणि टिकण्याची असते, तेव्हा त्या काळजीला उत्तर द्यायचं. चाकणला तो प्रश्न आलाच, जरा आडून. मी म्हटलं, ‘सेकंड शिफ्ट मी भोसरीतही करते सर. कंपनीची बस निगडीवरून आहे का?’ पुढे बसचंच बोलणं झालं. असा प्रश्न विचारूच नये, हे माझं मत कायम आहे आणि तुमचंही तेच आहे. पण त्या क्षणी समोर पॅनेल बसलेलं असतं.

पगाराचं गणित तुम्ही कालनिर्णयाच्या जुन्या पानामागे पेन्सिलने मांडलंत. सीटीसीला, म्हणजे कंपनी आपल्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाला, बाराने भागून येणारा आकडा हातात पडत नाही. कंपनीच्या वाट्याचा पीएफ त्यातच धरलेला असतो, आपला बेसिकच्या बारा टक्क्यांचा वेगळा कापला जातो, आणि ग्रॅच्युइटीचे बेसिकच्या ४.८१ टक्के आकड्यात दिसतात, महिन्याच्या पगारात नाही. प्रोफेशन टॅक्सचे दोनशे तुम्ही वजा केलेत. एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना महिना २५ हजारांपर्यंत तो माफ आहे, असं मी सांगितलं. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि खोडरबर मागितलात. तो माझा त्या महिन्यातला सगळ्यात मोठा विजय.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही, ते इथेच सांगून टाकते. पगाराचा विषय पहिल्यांदा आपण काढायचा नाही, असं तुमचं म्हणणं. मी कन्सल्टन्सीच्या पहिल्याच फोनवर रेंज विचारली. त्यामुळे भोसरीइतकाच पगार देणाऱ्या एका ठिकाणचा हेलपाटा वाचला. तुमच्या काळी चालत असेल, आता आधी विचारलेलं बरं. आणि प्लॅस्टिक कव्हरवाली ती सर्टिफिकेटांची फाइल कुणी उघडूनसुद्धा बघितली नाही.

पण बूट! ‘सँडल घालून जाऊ नकोस, शॉप फ्लोअरवर नेतील’ असं तुम्ही बजावलं होतंत. नेलंच. माझ्यासोबत आलेल्या एका मुलीला चपलेमुळे पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडेच थांबवलं. आत साहेबांनी एक शाफ्ट हातात दिला, सोबत ड्रॉइंग, आणि विचारलं की आधी काय तपासशील. मी थेट मायक्रोमीटर उचलला नाही. आधी ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर बघितला, मग विचारलं, कस्टमरची तक्रार कुठल्या मापावर येते? साहेब हसले. हे तुमचं शिकवणं की बुशचं, सांगता येत नाही. आदल्या रविवारी तळवडे-म्हाळुंगेमार्गे जाऊन गेट बघून यायला लावलंत, तेही कामी आलं. त्या दिवशी चाकणच्या रस्त्याला नेहमीसारखी कंटेनरची रांग होती आणि तरी मी वेळेत होते.

तुम्ही यातलं कशाचंच कधी पैशात बोलला नाहीत. भाडं मात्र पाच तारखेला, एक दिवस इकडेतिकडे नाही. दोन्हींबद्दल आभार.

तुमची,
वरच्या खोलीतली

ता. क. : मधल्या खोलीतल्या मुलीची पुढच्या आठवड्यात हिंजवडीला मुलाखत आहे. रविवारी तिला खाली पाठवते. ती फार पाठ करून येईल, तेव्हा जरा सांभाळून घ्या. आणि आईने गावाहून तुमच्यासाठी तूरडाळ पाठवली आहे, पाच किलो. जिन्याखाली ठेवली आहे. भाड्यातून वजा करायची नाही.